चार तोंडं, तीन पट्ट्या

तीन माणसांची नाडी एकसारखी कशी चालेल?

उत्पलाला आधी वाटलं, उन्हाने टॅबलेटचंच डोकं फिरलं. नागपूरच्या मे महिन्यात भल्याभल्यांची फिरतात, यंत्र त्याला अपवाद कशाला असेल? तिने व्हॅनच्या सावलीत जाऊन पुन्हा पाहिलं. कौतिकाबाई, सत्तरी ओलांडलेली. भिवाजी, आंधळा, छातीचा जुना रोगी. शेवंता, ऐन तिशीतली. तिघंही मोटारस्टँडापुढच्या उड्डाणपुलाखाली राहणारी. तिघांच्या नावांपुढची रेघ एकाच चालीने उठत होती, एकाच चालीने बसत होती, आणि ती चाल एखाद्या पैलवानाची होती. ती बघत असतानाच तिन्ही नावं एका दमात लाल झाली.

उत्पला गजभिये फिरत्या पथकाची नर्स होती. पथक म्हणजे ती स्वतः आणि व्हॅन. बाकीचे दोघे आजारी पडून घरी बसले होते. तिने व्हॅन पुलाकडे वळवली.

त्या उन्हाळ्यात शहराला कोरड्या तापाने घेरलं होतं. हा विषाणू मोठा लबाड. शिरल्यावर पहिले तीन-चार दिवस तो काही कळूच देत नाही. माणूस हिंडतो, जेवतो, हसतो आणि शेजारपाजारी रोग वाटत फिरतो. फक्त त्याच्या घामात विषाणूच्या कवचाचे बारीक तुकडे उतरू लागतात. मग मेंदूतल्या ज्या जागेवरून शरीराचं तापमान सांभाळलं जातं तिथेच तो घाला घालतो आणि घाम बंद होतो. बाहेर शेहेचाळीस अंश आणि अंगाला घामाचा थेंब नाही, म्हणजे झाकण घट्ट बसवून चुलीवर ठेवलेलं भांडंच. म्हणून लोकांनी त्याला कोरडा ताप म्हटलं. शास्त्रीय नाव लांबलचक होतं, ते कोणाच्या तोंडात बसलं नाही.

त्यावर तोड म्हणून स्वेदपट्टी निघाली. बोटभर लांबीची, दंडावर चिकटवायची. तिच्यातल्या थराला घामातले ते तुकडे चिकटले की हिरवी पट्टी लाल होई. दर काही तासांनी थर स्वतःला स्वच्छ करून नव्याने वाचायला लागे. पट्टी नाडीही मोजी आणि सगळं 'निरामय' नावाच्या यंत्रणेला कळवी. लाल झाल्या झाल्या तयार प्रतिपिंडांचा डोस टोचला तर जवळजवळ सगळेच वाचत. घाम बंद झाल्यावर टोचला तर निम्मे. औषध थोडं आणि शहर मोठं. म्हणून व्हॅनमध्ये एक कुलूपपेटी होती. तिला लाल पट्टी टेकवली की एक खण उघडे आणि एक कुपी हाती येई, एका नावाला जन्मात एकदाच. मग ती पट्टी निळी होई. घाम मिळाला नाही तर पट्टी पांढरी पडे, आणि पांढऱ्या पट्टीने पेटी उघडत नसे.

घरादाराच्या लोकांची पट्टी त्यांच्या मोबाईलला बांधलेली होती. पुलाखाली मोबाईल कुठला? तिथे पट्टी नुसती नावाला बांधलेली. आणि या लोकांनी ती काढून फेकू नये म्हणून वर बसलेल्या हुशार मंडळींनी जेवणाच्या फिरत्या यंत्राचीही तीच किल्ली करून टाकली होती. हिरवी किंवा निळी पट्टी दाखवा, ताट घ्या. पोटाला चिमटा बसला की माणूस पट्टी जपतो, हा त्यांचा हिशेब. तो बरोबर होता. लोकांनी पट्ट्या फार जपल्या.

पुलाच्या खांबाशी तिघं रांगेने पडली होती. कौतिकाबाई कुशीवर, भिवाजी उताणा, शेवंता पदर तोंडावर घेऊन. उत्पलाने हातमोज्यातूनच म्हातारीच्या कपाळाला हात लावला आणि मागे घेतला. तव्यासारखं तापलेलं, आणि खडखडीत कोरडं. तिघांच्याही दंडावर पट्टीच नव्हती.

"पट्ट्या कुठे आहेत?"

खांबाच्या पलीकडून सोमा उईके पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन आला. सोमा हमाल, मिरचीच्या बाजारात पोती उचलायचा. बाजार बंद पडल्यापासून तो पुलाखालीच होता आणि या तिघांचं बघत होता. त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. चौघांत घाम येत होता तो एवढ्या एकाला.

उत्पलाला एकदम उमगलं. "सोमा, सदरा वर कर."

त्याने कॅन खाली ठेवला, थोडा लाजला, आणि सदरा वर केला. पोटावर बेंबीच्या वर तीन पट्ट्या ओळीने चिकटवलेल्या होत्या. तिन्ही लालभडक.

"हे काय करून ठेवलं रे?"

"त्यायच्याच व्हय, सिस्टर. मी सांभाळून राहिलो होतो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. महिन्याभरापूर्वी शेवंताच्या नवऱ्याची पट्टी लाल झाली होती. तेव्हा औषध आलेलं नव्हतं, नुसती गाडी येई. गाडीने त्याला शहराबाहेरच्या कापसाच्या गोदामात नेलं. तो परत आला नाही, आणि त्याला कुठे जाळलं हेही शेवंताला कोणी सांगितलं नाही. पुढे औषध आलं, पण भीती आधीच मुक्कामाला आली होती. चार-पाच दिवसांपूर्वी कौतिकाबाईच्या पट्टीत गुलाबी झाक दिसली तशी तिने ती सोलून सोमाच्या पोटावर लावली. सोमाच्या निरोगी घामावर ती पुन्हा हिरवीगार झाली. मग भिवाजीची लावली, मग शेवंताची. नावं हिरवी राहिली, ताटं येत राहिली.

सोमाकडे स्वतःची पट्टी नव्हती. पट्ट्या वाटल्या तेव्हा तो पोती उतरवत होता. नंतर गेला तर नोंदणी बंद झालेली. म्हणून त्याला ताट नव्हतं; महिनाभर तो या तिघांचं उरलंसुरलं खात होता. त्याने तिघांच्या पट्ट्या अंगावर वागवायच्या, तिघांनी आपल्या ताटातलं त्याला द्यायचं. कौतिकाबाई वाटणी करायची, आणि पुलाखालच्या रिवाजाप्रमाणे वाटणाऱ्याने शेवटी घ्यायचं. चार तोंडं, तीन ताटं. यात उपकाराची भाषा कोणी केली नव्हती.

"मावशी, अहो लाल झाली असती तर औषध मिळालं असतं!" उत्पला ओरडलीच. "मी येऊन सांगितलं नव्हतं का?"

कौतिकाबाईने डोळे किलकिले केले. "सांगतलं होतं नं, पोरी. गाडीवालेबी असंच सांगत होते. नेतो, बरं करतो, आणून सोडतो."

उत्पलाने व्हॅनमधली कुलूपपेटी उचलून आणली.

तिने सोमाच्या पोटावरच्या पट्ट्या एकेक सोडवून पेटीला टेकवल्या. तीन खण उघडले, तीन कुप्या निघाल्या. तिथे तिचा हात थबकला. कुप्या तीन होत्या आणि रोगी चार. पट्ट्या लाल झाल्या त्या सोमाच्या घामाने. म्हणजे रोग आता सोमाच्या अंगात होता. वैद्यकाला विचाराल तर पहिला डोस सोमाचा. तो नुकता लाल झालेला, टोचला की वाचला. बाकी तिघांना टोचणं म्हणजे नाणं उडवणं. पण मग त्या तिघांतून कोणाला वगळायचं? म्हातारीला? आंधळ्याला? की नवरा गमावलेल्या शेवंताला?

"मले काय झालं?" सोमाने तिच्याकडे पाहून भरलेला कॅन एका हाताने उचलून दाखवला. "हे पाहा. त्यायले द्या आधी."

उत्पलाने तिघांना टोचलं. तिन्ही पट्ट्या निळ्या होऊन आपापल्या दंडावर परत गेल्या.

कौतिकाबाईची नजर मात्र उत्पलाच्या दंडावर होती. तिथे नर्सची स्वतःची पट्टी होती, हिरवी.

"पोरी," म्हातारी म्हणाली, "तुही लाव नं त्याले."

इतकं सरळ होतं. उत्पलाची पट्टी सोमाच्या अंगावर लावायची, ती लाल होईल, चौथा खण उघडेल. मोबाईल तिच्याच खिशात होता, यंत्रणेला संशयही आला नसता. अडचण एकच. कुपी उत्पलाच्या नावावर निघाली असती, आणि नावाला कुपी एकच. उद्या हाच ताप तिला झाला तर पेटी उघडणार नव्हती. आणि ती तर रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत या तापातच हात घालून बसलेली.

तिने घड्याळात पाहिलं, उगाचच. "उद्या," ती म्हणाली. "उद्या सकाळी येते. लाल झाल्यावर तीन-चार दिवस असतात, सोमा. आज पहिलाच आहे."

"या नं सावकाश," सोमा म्हणाला. त्याला खरंच घाई नव्हती.

घरी पोचल्यावर तिने न्हाणीतूनच विपुलला सगळं सांगितलं. विपुल तिचा नवरा, पेशाने शिक्षक. शाळा बंद पडल्यापासून घरी राहून तीन वर्षांच्या लेकीला, मैत्रीला, सांभाळत होता.

"तुझी आई गेली तेव्हा डोस नव्हता," दाराच्या पलीकडून तो म्हणाला. "आता आहे. आणि तू तो देऊन टाकणार?"

"तो माणूस धडधाकट आहे, विपुल. टोचला की वाचतो."

"आणि तुला झालं तर? पुलाखालचे येणार आहेत मैत्रीला जेवू घालायला?"

त्याचं चुकत नव्हतं, हेच तर वाईट होतं. वाईट माणसाशी भांडता येतं. मैत्री जेवताना तिच्या मांडीवर येऊन बसली, दंडावरच्या पट्टीवर बोट फिरवत "हिलवी, हिलवी" म्हणत राहिली. उत्पलाने मनाला हजारदा विचारलं, आणि मनाने हजारदा सांगितलं की तीन दिवस आहेत. सकाळी उठली तेव्हा मात्र तिचं ठरलेलं होतं. विपुलला तिने विचारलं नाही. त्यानेही डबा हातात देताना डोळे वर केले नाहीत.

पुलाखाली कौतिकाबाई उठून बसली होती. तिच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते. कुपी लागू पडली होती. शेवंताही कुशीवर वळून पाणी मागत होती, आणि भिवाजी अजून तापात असला तरी श्वास मोकळा झाला होता. नाणं तिन्ही वेळा चांगलं पडलं होतं. उत्पलाला हसू फुटलं, आणि मग तिने सोमाला पाहिलं.

सोमा खांबाला टेकून बसला होता, सदरा काढून. त्याची छाती कोरडी होती.

सोमाचं शरीर पुस्तकातलं नव्हतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तीन-चार दिवस लागतात ते पोटभर जेवणाऱ्या, पंख्याखाली झोपणाऱ्या माणसाला. हा महिनाभर तिघांच्या ताटातले उरलेले घास खाऊन उन्हात पाणी वाहत होता. त्याच्याकडे तीन दिवस नव्हतेच. एकच होता, आणि तो कालचा.

तिने दंडावरची पट्टी ओरबाडून त्याच्या छातीवर दाबली. हिरवी पट्टी फिकी झाली आणि पांढरी पडली.

"पाणी शिंपडा," कौतिकाबाई म्हणाली.

शिंपडलं. पट्टी पांढरीच. तिला पाणी नको होतं, घाम हवा होता. कालचा सदरा वाळून त्यावर मिठाचे पांढरे डाग उरले होते. उत्पलाने तो ओला करून पट्टीला लावला. पट्टीला कातडीच लागते, तिने दाद दिली नाही. कौतिकाबाईच्या घामावर टेकवून पाहिली तर ती हिरवी झाली; कुपीने तिच्या घामातले तुकडे केव्हाच बांधून टाकले होते. मग शेवंताने पुलाखालची होती नव्हती ती पांघरुणं गोळा केली. भिवाजी चाचपडत आला आणि तिखटाची पुडी काढून म्हणाला, "कढत पाण्यात घालून पाजा त्याले. हमाल आहे, मिरचीनं तरी घाम फुटन."

भर मे महिन्यात, शेहेचाळीस अंशांत, त्या चौघांनी मिळून एका माणसाला घाम आणण्याचा प्रयत्न केला. वैद्यकीच्या कुठल्याच पुस्तकात हे बसत नव्हतं. तापलेल्या माणसाला थंड करायचं हे शाळकरी पोरालाही कळतं, आणि उत्पला नर्स असून त्याच्यावर घोंगडी ओढत होती, कारण घामाचा एक थेंब मिळाला असता तर खण उघडणार होता. तिच्या स्वतःच्या हनुवटीवरून घाम टपटप गळत होता. शेवंता भिजली, भिवाजी भिजला, म्हातारीचा पदर ओला झाला. सोमा तेवढा कोरडा राहिला.

शेवटी तिने पांघरुणं फेकून दिली. पट्टी काढून आपल्या दंडावर लावली. पाहता पाहता ती हिरवी झाली. त्या हिरव्या रंगाची तिला शिसारी आली.

ओली फडकी, पंखा, सलाईन, जे हाताशी होतं ते तिने दिवसभर केलं. डोसाविना त्याला अर्थ नव्हता. तिने वरच्या डॉक्टरांना फोन लावला. "पट्टी लाल आहे का?" "नाही सर, पण..." "मग माझ्या हातात काय आहे, सिस्टर?" त्यांचा आवाजही थकलेलाच होता. संध्याकाळी सोमा मिरच्यांच्या पोत्यांबद्दल काहीतरी बडबडला, कोणाला तरी गोंडीत हाक मारली. अंधार पडता पडता कौतिकाबाईने आपल्या ताटातला भाताचा गोळा त्याच्या ओठांशी नेला. तो त्याने घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्पला पोचली तेव्हा त्याच्या तोंडावर शेवंताचं लुगडं पांघरलेलं होतं.

तिने शववाहिनीला फोन केला. पलीकडे यंत्राचा गोड आवाज होता. "कृपया मृताचा पट्टी क्रमांक सांगा." क्रमांक नाही म्हटल्यावर आवाज तितक्याच गोडीने म्हणाला, "विनानोंद मृतदेहासाठी आपली विनंती स्वीकारली आहे. गाडी उपलब्ध झाल्यावर कळवू." गाडी कधी उपलब्ध होते हे पुलाखाली सगळ्यांना ठाऊक होतं. पलीकडच्या खांबाशी मागच्या आठवड्यात एक म्हातारा पडून राहिला होता. कुत्री यंत्रणेच्या आधी आली होती.

टॅबलेटवर निरामयचा संदेश झळकत होता: उड्डाणपूल परिसर, नोंदणीकृत तीन, डोस तीन, मृत्यू शून्य. अभिनंदन.

कौतिकाबाई दंडावरची निळी पट्टी नखाने उचकटू लागली. "माही लाव त्याले. म्हाताऱ्या बाईच्या मरणाचं कोणाले काय पडलं हाय?"

"आणि जेवाल काय?" उत्पलाने तिचा हात धरला. "काढू नका, मावशी. तीन ताटं राहू द्या."

तिने स्वतःच्या दंडावरची पट्टी सोलली. आज उशीर झाला होता आणि घाबरायला काही उरलं नव्हतं. तिने सोमाच्या गार पडलेल्या छातीवर पट्टी नीट दाबून बसवली. कातडी आहे, नाडी नाही. मृत्यूची नोंद करायला यंत्रणेला एवढं पुरेसं होतं.

अर्ध्या तासात शववाहिनी आली. जिवंतपणी त्या पुलापाशी इतक्या तातडीने कोणी आलं नव्हतं. वरपासून खालपर्यंत झाकलेल्या माणसाने पट्टीवर यंत्र टेकवलं आणि नाव वाचलं.

"उत्पला विपुल गजभिये. आरोग्य कर्मचारी." तो थांबला. लुगड्याखालून बाहेर आलेल्या हमालाच्या भेगाळलेल्या पायांकडे त्याने पाहिलं, मग समोर उभ्या असलेल्या नर्सकडे. तिच्या छातीवर नावाची पाटी होती.

"सिस्टर, हे तर..."

"पट्टी काय म्हणते?"

"उत्पला गजभिये."

"मग तेच आहे. न्या त्याला. नीट न्या."

त्या माणसाने यंत्रावर नोंद केली. त्यालाही दिवसाकाठी किती वाहावं लागत होतं कोणास ठाऊक. सोमाला उचलताना त्याने डोक्याखाली हात घातला, तेवढं उत्पलाने पाहिलं.

गाडी वळते न वळते तोच तिचा मोबाईल वाजला.

"उत्पला?" विपुलचा आवाज फाटला होता. "इथे मेसेज आलाय. निरामय आपल्या दुःखात सहभागी आहे म्हणून..."

"मी आहे. मला काही झालेलं नाही. माझी पट्टी गेली."

पलीकडून रडल्यासारखा श्वास आला. मग तो म्हणाला, "कोणाला दिलीस? त्या हमालाला?"

"हो."

"वाचला?"

"नाही."

ती व्हॅनपाशी गेली. दार उघडेना; तेही पट्टीवरच उघडत होतं. मेलेलं नाव परत उठवायचं तर अर्ज करावा लागे, आणि अर्जावर पट्टी टेकवावी लागे. ज्याने हे ठरवलं त्याला कधी पट्टीवाचून उभं राहावं लागलं नसावं. जिवंतपणी सोमाला तिने कुपी दिली नाही, आणि मेल्यावर नाव दिलं. हे दान झालं की दंड, तिला कळेना. कोणी विचारलं असतं तर ती इतकंच म्हणाली असती, की एक दिवस उशिरा दिलं.

दुपारी जेवणाचं यंत्र आलं. शेवंता तिन्ही पट्ट्यांवर तीन ताटं घेऊन आली. पोळ्या, डाळ, भात. कौतिकाबाई मांडी घालून बसली आणि वाटणी करू लागली. आधी भिवाजीचं, मग शेवंताचं. मग तिन्ही ताटांतला थोडा थोडा भात काढून तिने एका कागदावर गोळा केला, त्यावर डाळ ओतली, आणि तो कागद सोमाच्या जागेवर ठेवला.

उत्पलाला वाटलं, काकस्पर्शासाठीच ठेवला असेल. ती मान फिरवून रस्त्याकडे बघत राहिली.

"तिकडे काय पायतं?" म्हातारी म्हणाली. "बस इथं. तुह्यापाशी पट्टी नाई आता."

"मावशी, मी परवा..."

"ठाऊक हाय मले. बस."

उत्पला सोमाच्या जागेवर बसली. खांब अजून तापलेला होता. तिने पहिला घास घेईपर्यंत म्हातारी थांबली, आणि मग स्वतःचं ताट पुढे ओढलं.